बीपीचा अलार्म: कफवर ठेवायचा की आर्टेरियल लाईनवर?

आधी कफ, म्हणजे दंडाला गुंडाळलेला फुगणारा पट्टा. तो दर 5 मिनिटांनी फुगायला लावलाय आणि मधेच बीपी 120 वरून 70 वर आलं, तर पडद्यावर 120 च दिसत राहतं. अलार्म वाजेल तो पुढच्या मोजणीला. शिवाय कफ दंडाला लहान पडला की आकडा जास्त येतो, मोठा झाला की कमी. रुग्ण थरथरत असेल किंवा नाडी अनियमित असेल, तर कफ नुसताच पुन्हापुन्हा फुगतो. आणि ऑक्सिजनची क्लिप त्याच हाताला लावू नका. कफ फुगला की तिचा अलार्म उगाच वाजतो.

आर्टेरियल लाईन, म्हणजे धमनीत घातलेली बारीक नळी, प्रत्येक ठोक्याचं बीपी दाखवते, त्यामुळे अलार्म काही सेकंदांत येतो. पण तिचा आकडा ट्रान्सड्यूसरच्या (नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) उंचीवर अवलंबून आहे. तो हवा हृदयाच्या पातळीला. स्टँडला अडकवलेला असताना कोणी बेड 10 सेंटिमीटर वर घेतला, तर तो तेवढा खाली राहतो आणि बीपी साधारण 7.5 ने जास्त दिसतं. ही चूक जास्त घातक, कारण रुग्णाचं बीपी खरोखर घसरलं तरी अलार्म गप्प राहू शकतो. बेड खाली घेतला की उलट होतं, अलार्म खोटाच वाजतो. म्हणून बेड हलवला की आधी ट्रान्सड्यूसर बघा.

नळीत हवेचा बुडबुडा किंवा गुठळी असेल, तर पडद्यावरची बीपीची लहर चपटी होते. वरचं बीपी कमी दिसतं, खालचं जास्त, पण मीन, म्हणजे सरासरी बीपी, फारसं बदलत नाही. म्हणून लाईन असेल तर माझा भरवसा मीनच्या अलार्मवर. सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे बीपी धोकादायक घसरतं तेव्हा) तर लक्ष्यच सहसा मीन 65 चं असतं.

बीपी टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन हे औषध चालू असेल, तर मी लाईनच निवडेन आणि कफ पडताळणीला ठेवेन. स्थिर रुग्णाला कफ पुरतो. नुसत्या अलार्मसाठी धमनीत सुई घालून रक्तस्राव, गुठळी, संसर्ग यांचा धोका घेऊ नये. लाईनचा लो अलार्म मात्र कधीच बंद करू नका. जोड सुटून रक्त जायला लागलं, तर पहिली खूण तोच देतो, आणि हात पांघरुणाखाली असला तर दुसरं काही दिसतही नाही.

अलार्मची लिमिट रुग्णागणिक लावा. ज्याचं नेहमीचं बीपी 160 आहे, त्याच्यासाठी 90 ला वाजणारा अलार्म फार उशिरा वाजतो. नवा रुग्ण बेडवर आला की आधीच्या रुग्णाच्या लिमिट तशाच राहिल्यात का, तेही तपासा.