वर्षाचं ध्येय बाराने भागायचं सोडलं: हंगामाच्या चार पानांचा अनुभव

होळी ते मृग, मृग ते गणपती, गणपती ते दिवाळी, दिवाळी ते होळी. गेलं दीड वर्ष आमच्या घराची आणि धंद्याची सगळी ध्येयं या चार पानांवर लिहिली जातात. त्याआधी डायरी झाली, मोबाइलवरची दोन अ‍ॅप झाली, एक्सेलचा तक्ताही झाला. टिकली ती ही पद्धत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांगलीत आमचा मसाल्यांचा घरगुती उद्योग आहे. कांदा-लसूण चटणी, गोडा मसाला, हळद आणि दिवाळीच्या तोंडावर चकलीची भाजणी. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून सगळं बघतो, हंगामात गल्लीतल्या बायका मदतीला येतात. नवरा आणि दीर दोघंही नोकरीत, त्यामुळे रविवार सोडला तर त्यांचा हातभार नाही.

अशा धंद्यात ‘वर्षाला बारा लाखांची विक्री, म्हणजे महिन्याला एक लाख’ हे गणित बसतच नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून आम्ही मिरची घेतो, तेव्हा पैसा फक्त बाहेर जातो. आमच्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात करून ठेवायची पद्धत. आता घरोघरी ती होत नाही, पण विकत घेणारेसुद्धा पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंतच वर्षभराची भरणी भरून ठेवतात. मग आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, कितीतरी घरांत कांदा-लसूण बंद होतो आणि चटणीची मागणी एकदम उतरते. श्रावणात गोडा मसाला जरा बरा चालतो. गणपतीनंतर भाजणीच्या ऑर्डरी सुरू होतात आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे तर जेवायला फुरसत नसते. जुलैत लाखाचा आकडा गाठला नाही म्हणून हळहळायचं आणि एप्रिलमध्ये तो आपसूक झाला म्हणून खूश व्हायचं, या दोन्हींचा निर्णय घ्यायला काडीचा उपयोग नव्हता. ज्या कॅलेंडरवर आपलं काम चालतं, त्याच कॅलेंडरवर ध्येय आखलं पाहिजे. आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलमध्येही होत नाही. ते मिरचीला रंग चढतो तेव्हा सुरू होतं.

पान कसं असतं ते सांगते. रोजमेळाची लांब वही, तिचं एक जोडपान म्हणजे एक हंगाम. डावीकडे धंदा, उजवीकडे घर. प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त तीन ओळी. प्रत्येक ओळीला चार रकाने: काम काय, कोणाकडे, कधीपर्यंत, आणि मागच्या वेळी किती लागलं.

‘कोणाकडे’ हा रकाना मी एका उद्योजकता शिबिरातून उचलला. ध्येय नेमकं हवं, मोजता येणारं हवं, मुदतीचं हवं वगैरे निकष सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले असतात. ते जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने १९८१ मध्ये मांडले. त्याच्या मूळ यादीत ‘हे काम नेमकं कोण करणार’ हाही एक निकष होता. पुढे बऱ्याच ठिकाणी तो गळला आणि त्या जागी ‘साध्य होण्याजोगं’ असं काहीतरी आलं. घरच्या धंद्यात मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘आपण करू’ असं ठरलेलं काम कुणाचंच नसतं. नाव लिहिलं की ते होतं, किंवा का झालं नाही ते तरी कळतं.

चौथा रकाना माझ्या सगळ्यात आवडीचा. काहनेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं, की कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सहसा कमीच धरतो, कारण तो हातातल्या कामाकडे बघतो आणि अशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला ते बघत नाही. आमच्याकडे याचा पडताळा मिरची खुडताना आला. मागच्या होळी ते मृग पानावरची दुसरी ओळ होती: ‘चारशे किलो मिरचीचे देठ खुडून, वाळवून, कांडप पूर्ण.’ जाऊ म्हणाली, “ताई, पंधरा दिवस खूप झाले.” मीही तेच धरलं असतं. पण चौथ्या रकान्यात आदल्या वर्षीचे चार आठवडे लिहिलेले होते, आणि शेजारी बारीक अक्षरात कारण: ‘लग्नसराई, बायका येईनात.’ लग्नसराई काही दर वर्षी टळत नाही. म्हणून आम्ही चार आठवडेच धरले आणि मिरची पाडव्याच्या आत आणायचं ठरवलं. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेच्या आत, माल डब्यात बंद झालाच पाहिजे. एकदा हवेत ओल आली की वाळलेली मिरची पुन्हा मऊ पडते, आणि तशी मिरची कांडपाला नेण्यात अर्थ नाही.

पहिली ओळ खरेदीची होती आणि ती जाऊकडे होती, कारण मिरचीची पारख तिला जास्त. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी. दोन्हींचं प्रमाण चुकलं तर चटणी एकतर नुसती लाल दिसते नाहीतर नुसती झोंबते. तिने भाव उतरायची वाट बघत न बसता दोन टप्प्यांत खरेदी केली: अर्धी होळीच्या आधी, अर्धी नंतर. एकदम सगळे पैसे अडकले नाहीत आणि सोनं गहाण ठेवायची वेळ आली नाही. हे आधी लिहून ठेवलं नसतं, तर घाईत सगळी एका दमात घेतली गेली असती.

आता एक गोष्ट ठासून सांगते. आमच्या पानावर ‘विक्री’ ही ओळ नसते. विक्री गिऱ्हाइकाच्या हातात आहे. आपल्या हातात काय आहे ते लिहायचं: किती नव्या दुकानांत नमुने द्यायचे, किती जुन्या गिऱ्हाइकांना पाडव्याआधी फोन करायचा, कोणाकडून किती येणं वसूल करायचं. मागच्या वर्षी पहिल्यांदा ‘वसुली’ ही एक स्वतंत्र ओळ घातली आणि तिने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नाही. पुण्यातल्या एका मोठ्या खरेदीदाराकडे आमचे पैसे तीन-तीन महिने अडकायचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानंतर या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच मिळतो. माल स्वतः बनवणाऱ्या आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या आमच्यासारख्यांना याचा थेट फायदा आहे. आम्ही नोंदणी क्रमांक बिलावर छापून घेतला, मुदतीची ओळ खाली टाकली आणि महिनाअखेरीला मी स्वतः फोन करायचा असं पानावर लिहिलं. आता पैसे साधारण दीड महिन्यात येतात. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला हे कायदे सांगण्यात अर्थ नाही, तिथे आठवड्याला चक्कर मारणं हाच उपाय.

मृग ते गणपती हे पान सांगलीकरांसाठी वेगळंच असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेच्या पुराने काय केलं ते इथे प्रत्येकाला पाठ आहे. या पानावर धंद्याच्या बाजूला पहिली ओळ कायमची ठरलेली आहे: ‘आयर्विन पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेलं की त्याच दिवशी पोती आणि डबे वरच्या मजल्यावर.’ इशारा पातळी ४० फुटांची आणि धोक्याची ४५ ची, पण ४० ची वाट बघितली तर हमाल मिळत नाही आणि टेम्पोवाला दुप्पट मागतो. शेजारी नाव दिराचं आणि त्याच्या नोकरीच्या ठिकाणचा फोन नंबर. कधी, कोणी, काय करायचं हे कोरड्या दिवसांत ठरलेलं असलं की पाणी चढताना घरात वाद होत नाहीत. सासूबाईंना ही एक ओळ इतकी पटली, की त्यांनी आपल्या औषधांची पिशवी आणि घराची कागदपत्रं तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिली.

उजव्या बाजूबद्दल बोलायलाच हवं, कारण या पद्धतीचा खरा जोर तिथे आहे. घराची आणि धंद्याची ध्येयं वेगवेगळ्या वह्यांत लिहिली की दोन्हीकडे आपण भरमसाट लिहितो. एका जोडपानावर ती समोरासमोर आली की दिसतं, की तास तेच आहेत. लेकीची दहावी होती त्या वर्षी दिवाळी ते होळी पानावर उजवीकडे ‘फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी सातनंतर मी घरी’ एवढंच लिहिलं. ते लिहिल्याबरोबर डावीकडची एक ओळ, भीमथडीसारख्या जत्रेत स्टॉल लावायची, खोडावी लागली. खोडताना वाईट वाटलं, पण जानेवारीतच वाटलं. ऐन परीक्षेच्या आठवड्यात लेकीसमोर ओढाताण झाली नाही, ती शांतपणे पेपर देऊन आली. मला विचाराल तर गेल्या दीड वर्षातलं हे सगळ्यात मोठं यश.

तब्येतीची ओळही अशीच बदलली. ‘वजन दहा किलो कमी’ हे मी वर्षानुवर्षं लिहायचे. आता ‘गाळ्याचं शटर लावलं की घाटावरून चालत घरी’ एवढंच असतं. पावसाळ्यात ती ओळ नसते, त्याऐवजी घरातला व्यायाम. बचतीची ओळ बारमाही: पीपीएफचा हप्ता पाच तारखेच्या आत. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर त्या महिन्याचं व्याज धरतात, त्यामुळे सहा तारखेला भरला तर त्या रकमेचं महिन्याचं व्याज जातं.

आता उणिवा. पैशांच्या हिशेबाला हे पान पुरत नाही, त्यासाठी गुगल शीट लागतंच. अनुमानित उत्पन्नाखाली, म्हणजे विक्रीचा ठरावीक टक्का नफा धरून, कर भरत असाल तर १५ मार्चचा आगाऊ कर मिरचीच्या खरेदीत हमखास विसरतो, त्याचा गजर मोबाइलवर लावा. दुसरं, तीन ओळींची मर्यादा पाळणं फार जड जातं. हंगामाच्या मध्यावर चांगली ऑर्डर चालून येते आणि हात चौथी ओळ लिहायला शिवशिवतो. आमचा नियम असा, की चौथी लिहायची तर आधीच्या तीनपैकी एक खोडायची, आणि खोडलेली कोणती ते जावेलाही पटलं पाहिजे. तिसरं, दोन हंगाम पुढे ढकललेली ओळ तिसऱ्यांदा लिहायची नाही. ऑनलाइन विक्रीची ओळ आम्ही अशीच काढून टाकली. आमच्या दोघींकडे त्यासाठी माणूस नाही, आणि ते मान्य केल्यावर कितीतरी मोकळं वाटलं.

शिवाय या पद्धतीला दर रविवारची वीस मिनिटं द्यावी लागतात. चहा घेत दोघींनी पानावर बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचायची, एवढंच. गावच्या जत्रेच्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, आज कशाला वही काढता?” आणि त्यांचं बरोबर होतं. जत्रा, बारसं, दुखणं-खुपणं यांच्या आठवड्यात वही मिटूनच ठेवावी. वर्षात असे आठवडे येणारच हे धरूनच ओळी कमी ठेवायच्या असतात.

ही पद्धत कोणाला जमेल? ज्यांच्या कामाला चढ-उतार आहे त्यांना. शिकवणीवाल्यांना, मंडप-केटरिंगवाल्यांना, द्राक्ष-बेदाण्यात असणाऱ्यांना, शिवणकामवाल्यांना. त्यांनी माझे हंगाम घेऊ नयेत, मागच्या वर्षीचं बिलबुक काढून स्वतःचे आखावेत. शिकवणीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, द्राक्षाचं ऑक्टोबर छाटणीला. दर महिन्याला ठरावीक पगार येणाऱ्याला घराची बाजू उपयोगी पडेल, डावी बाजू कदाचित रिकामी राहील.

सुरुवात करायला पाडव्याची किंवा एक जानेवारीची गरज नाही. जो हंगाम चालू आहे त्याचं अर्धं पान लिहा. पहिल्या फेरीत चौथा रकाना कोराच राहील, तो हंगाम संपताना भरा, पुढच्या वर्षी तोच कामाला येईल. आमच्या येत्या दिवाळी ते होळी पानावर डावीकडे दोनच ओळी आहेत: कांडपवाल्याशी तारखा आधीच पक्क्या करणं आणि डब्यांची ऑर्डर. उजवीकडे सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, जानेवारीत, माझ्या नावासमोर.