ई-बुकला कुलूप लावायचं की गिऱ्हाइकाचं नाव घालायचं?

ई-बुकची ईपब फाइल तयार आहे, किंमतही ठरली आहे. आता प्रश्न डीआरएमचा, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचा. फाइल एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलून, ठरावीक अॅपमध्येच उघडेल अशी करायची, की उघडीच ठेवून प्रत्येक प्रतीत घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर क्रमांक घालायचा, म्हणजे वॉटरमार्क?

बँकेच्या व्यवहारात एन्क्रिप्शन चोख काम करतं, कारण तिथे चोर बाहेरचा असतो. इथे ज्याच्यापासून लपवायचं, त्यालाच वाचूही द्यायचं आहे. म्हणजे किल्ली त्याच्या फोनमध्ये पोचवावीच लागते. डीव्हीडीच्या सीएसएस कुलपाची किल्ली जेमतेम 40 बिटांची होती. 1999 मध्ये डीसीएसएस हा छोटासा प्रोग्रॅम आला आणि ते उघडलं. मग एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी 128 बिटांच्या किल्लीची एएसीएस ही नवी कुलूप-पद्धत आणली. 2007 मध्ये तिची एक किल्ली, अवघी 32 आकडे-अक्षरं, लोक टी-शर्टवर छापून मिरवत होते. इतकं भक्कम गणित कुणी फोडलं नव्हतं. किल्ली प्लेअरमधूनच काढली होती. आणि एवढा खटाटोप तरी कशाला? स्क्रीनचे फोटो काढले तरी पुस्तक बाहेर जातंच.

जाच होतो तो पैसे मोजणाऱ्याला. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाहीत.

वॉटरमार्कही काही अभेद्य नाही. जाणकार तो पुसतो. पण आपलं नाव असलेली फाइल सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकताना साधा माणूस बिचकतो, आणि मराठी पुस्तकं फिरतात ती बहुधा अशाच ग्रुपांवर.

कायद्याचं पारडं मात्र डीआरएमकडे झुकतं. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 65ब फाइलमधली हक्कांची माहिती (हक्क कुणाचे वगैरे) पुसण्याबद्दल आहे खरं, पण त्या माहितीच्या व्याख्येतून वापरणाऱ्याची ओळख पटवणारी साधनं वगळली आहेत. म्हणजे नेमका आपला वॉटरमार्क बाहेर!

तरी दीड-दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मी वॉटरमार्कच घेईन. महिन्याच्या वर्गणीवर दाखवायचे व्हिडिओ असतील तर गोष्ट वेगळी. तिथे डीआरएम ठेवा, कारण वर्गणी संपली की दार बंद होणं गिऱ्हाइकालाही मान्य असतं. पुस्तकात गिऱ्हाइकाचं नाव पहिल्याच पानावर ठळक छापा. मोबाइल नंबर नको. फाइल फिरली तर तोही गावभर फिरेल.