दे साबाताचा १९५३चा 'तोस्का': सहा महिने ऐकल्यावर

पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेराचा हा ध्वनिमुद्रित संच लोक गायिका मारिया कालाससाठी घेतात, पण महिनाभरात लक्ष जातं ते कंडक्टरकडे, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याकडे. ऑगस्ट १९५३, मिलानचं ला स्काला ऑपेरागृह, मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत). व्हिक्टर दे साबाताचं संपूर्ण ऑपेराचं स्टुडिओ ध्वनिमुद्रण हे एवढं एकच. त्यानंतर लवकरच हृदयविकाराने त्याची कारकीर्द जवळजवळ संपवली.

आधी सेटिंग. स्ट्रीमिंगवर क्रॉसफेड (एक ट्रॅक पुढच्यात मिसळणं) बंद, गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू. पुच्चिनीचा अंक सलग वाहतो आणि ट्रॅक मात्र सूर चालू असतानाच तोडलेले, त्यामुळे सेटिंग चुकलं की ऐन रंगात खड्डा पडतो. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध यायला हवा. खर्ज गायब वाटला तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी तपासा. बहुधा उलट्या लागलेल्या असतात. एलपी असेल तर अँपचं मोनो बटण दाबा, खरखर बरीच उतरते.

पहिल्या अंकाच्या शेवटचं 'ते देउम' (चर्चमधलं स्तुतिस्तोत्र) हीच खरी परीक्षा. घंटा दोनच स्वरांवर, बी फ्लॅट आणि एफ, आलटून पालटून वाजत राहतात. वर तितो गोब्बीने गायलेला स्कार्पिया (खलनायक पोलीसप्रमुख), मागे तोफा, मग ऑर्गन आणि कोरस. इथे घाई करायचा मोह भल्याभल्यांना होतो. दे साबाता लय हलू देत नाही, नुसतं वजन चढवत नेतो. सुरुवातीच्या कुजबुजीवर व्हॉल्यूम लावलात तर शेवटी कान फुटतील, म्हणून उलटं करा: शेवटचा कल्लोळ लावून व्हॉल्यूम ठरवा, मग मागे या. तरी तिथे सगळं एकाच वाहिनीत कोंबल्यासारखं होतं, ते रीमास्टर करूनही सुटत नाही. तिसऱ्या अंकातल्या पहाटेच्या घंटांचंही तेच. रोममधल्या जवळच्या-लांबच्या देवळांच्या त्या घंटा इथे एकाच भिंतीवर टांगल्यासारख्या वाटतात. तो जवळ-लांबचा फरक हवा असेल तर स्टिरिओ 'तोस्का' वेगळा घ्या.

वाद्यांचे थर इतके सुटे ऐकू येतात, कारण दे साबाता स्वतः संगीतकार (असं आपलं माझं मत). १८९२चा, त्रिएस्तेचा. 'इल माचिन्यो' हा त्याचा ऑपेरा १९१७मध्ये ला स्कालालाच झाला, आणि रावेलच्या 'लांफां ए ले सोर्तिलेज' या ऑपेराचा पहिला प्रयोग १९२५मध्ये मोंते कार्लोत त्यानेच कंडक्ट केला. त्याच्या स्वतःच्या वाद्यवृंदरचना जावई आल्दो चेक्कातोने ध्वनिमुद्रित केल्यात. 'युव्हेंतुस'पासून सुरुवात करा. 'गेत्सेमानी' संथ आहे, ती नंतर.