रंगांचा तक्ता की रात्रीची वही?

बुद्धी बारा वर्षांची आणि रडू चार वर्षांचं, असं आठ वर्षांचं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांना प्रस्तावना नको. मुलीला स्वतःच्या भावना ओळखता याव्यात म्हणून आम्ही दोन्ही करून पाहिलं: फ्रिजवर चार रंगांचा तक्ता, आणि झोपताना दोन ओळी लिहायची वही.

तक्ता सोपा, यात वाद नाही. निळा म्हणजे मरगळ, हिरवा शांत, पिवळा चुळबुळ, लाल म्हणजे तोल गेला. बोलायचं नाही, चुंबक सरकवायचा. आजीलाही पहिल्याच दिवशी जमलं. सकाळच्या घाईत वही कोण काढणार?

पण बाल्कनीतल्या कुंडीत कबुतराचं पिल्लू मेलं, त्या संध्याकाळी ती हुंदके देत होती आणि मी शहाण्यासारखं विचारलं, "कुठला रंग, बाळा?"

"निळा. पण तू जाळी लावलीस म्हणून त्याची आई आली नाही. म्हणजे लालपण. चुंबक कुठे लावू?"

"मधे लाव."

"मधे तर हिरवा आहे, बाबा!"

पाऊण तास रंगांवरच भांडलो. पिल्लू राहिलं बाजूला, जाळीही. (मला ते सोयीचंच होतं म्हणा.) अशा मुलांच्या हातात कप्पे दिले की ती आधी कप्प्यांच्या चुका काढतात, तेही ऐन रडण्यात. मला तरी हे पुढे झेपेना.

वही उशिरा येते, हेच मला आवडतं. रडू चालू असताना मी नुसता शेजारी बसतो, पाणी देतो. रात्री ती लिहिते, मनात आलं तर वाचून दाखवते. 'चिडकं दुःख' हा शब्द तिचाच. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डलाची (भीतीसारख्या भावनांना चटकन प्रतिसाद देणारा भाग) खळबळ उतरते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. प्रयोग मोठ्या माणसांवर होता, चेहऱ्यांचे फोटो दाखवून; म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. डोम्ब्रोव्स्की या पोलिश मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र संवेदनशीलतेचे पाच प्रकार सांगितले. आमच्या वहीत भावनेचा आणि कल्पनेचा असे दोन एकाच ओळीत सापडतात; तक्त्यावर त्यांना जागा कुठली?

वही कधी तीन-तीन दिवस कोरी राहते. लिहायचा कंटाळा असलेल्या किंवा पाच-सहा वर्षांच्या मुलाला कदाचित तक्ताच बरा. शिवाय न विचारता वही उघडायची नाही, हे पाळणं जड जातं.

तक्ता काढलेला नाही. आजी रोज स्वतःचा रंग लावते.