माणूस एकाच सेक्शनला, की फिरता?

मोठ्या दुकानाचा फ्लोअर सांभाळणाऱ्यापुढे हा प्रश्न येतोच. माणसं ठरलेल्या सेक्शनला ठेवायची, की दर दोन-तीन महिन्यांनी फिरवायची? नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत मी दोन्ही करून पाहिलंय.

एकाच जागी हात बसतो, यात वाद नाही. किराण्यातला जुना माणूस एक्सपायरी जवळ आलेली पाकिटं न सांगता पुढे ओढतो. मोजणीत शॉर्टेज निघालं, माल कमी भरला, तर कुणाला विचारायचं तेही स्पष्ट. साड्यांकडची माणसं तर मी आजही हलवत नाही. तिथली गिऱ्हाइकं आधी "त्या ताई आहेत का?" विचारतात, मग बसतात.

माझं घोडं अडलं वीक ऑफपाशी. 2017च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकान वर्षभर उघडं ठेवता येतं, पण प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. शनिवार-रविवारी कुणाला सोडायची सोय नाही. म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज कुठला तरी सेक्शन पोरका. कामठीच्या एक काकू पाच लिटरच्या कुकरची रिंग मागत होत्या. रिंगांचा खोका कोणत्या रॅकखाली आहे ते एकालाच ठाऊक. शेजारचा पोरगा म्हणाला, "तो भाऊ उद्या येईल." काकू म्हणाल्या, "काहून जी, बाकीचे काय पाह्याले ठेवले?" हे "उद्या येईल" मला फार खुपायचं. रिंगेसाठी कुणी दुसऱ्यांदा बसचं भाडं भरत नाही, आणि सोबतचा महिन्याचा किराणाही दुसरीकडे जातो.

फिरती सुरू केल्यावर ते वाक्य जवळपास बंद झालं. कटकटी आहेत. पहिला आठवडा काम रेंगाळतं, शॉर्टेज निघालं की "हे माझ्या आधीचं" सुरू होतं. त्यावर आम्ही जाणारा-येणारा दोघांनाही किमती बारीक माल एकत्र मोजून सही करायला लावतो. सगळा स्टॉक मोजत बसत नाही. जुन्यांना बदली म्हणजे शिक्षा वाटते, म्हणून नव्याला शिकवायचं काम त्यांच्याकडेच द्यावं. उद्याचा सुपरवायझर कोण, हेही तिथेच कळतं.

चार-पाच माणसांच्या दुकानात ठरलेल्या जागाच बऱ्या असतील. मोठ्या फ्लोअरला मात्र मी फिरती सुचवेन, फक्त दसरा-दिवाळीच्या तोंडावर नको. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. दप्तर-डब्यांची झुंबड ओसरली की जुलैत माणसं हलवा, पोळ्यापर्यंत बसतात हात.