काकडी आणि तिचे चार सोबती: गॅलरीत वापरलेल्या एका बियाणे-संचाविषयी

मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील पूर्वाभिमुख गॅलरीत काकडी लावायची, हे गेल्या जानेवारीत ठरले आणि त्याच सुमारास ‘काकडी व तिची सहपिके’ असा एक संच ऑनलाइन विक्रीस दिसल्याने तो मी साडेआठशे रुपयांना मागवला. संचात काकडी, झेंडू, चवळी, शेपू आणि मका अशी बियाण्यांची पाच पाकिटे, बारा इंच रुंद व तितकीच खोल अशी एक ग्रो-बॅग, कोकोपीटची वीट, गांडूळखत, निंबोळी पेंडीची पुडी, फळमाशीचा एक सापळा आणि सोळा पानांची रंगीत पुस्तिका एवढे साहित्य होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जूनच्या मध्यावर, अशी दोनदा लागवड करून मी हे लिहीत आहे.

बियाण्याबद्दल तक्रार नाही. काकडीच्या आठपैकी सात बिया पाचव्या-सहाव्या दिवशी उगवल्या आणि झेंडूही भरपूर आला. अडचण मांडणीत आहे. पुस्तिकेतील चित्रात पाचही पिके एकाच बॅगेत गुण्यागोविंदाने नांदताना दाखवली आहेत; मात्र त्या बॅगेत जेमतेम वीस-बावीस लिटर माती मावते आणि तेवढ्या मातीत काकडीचे दोन वेल वाढले, तरी पुष्कळ झाले. मका आधाराला, शेंगवर्गीय पीक नत्राला आणि भोपळ्याचा वेल जमीन झाकायला, ही अमेरिकेतील मूळ रहिवाशांची जुनी पद्धत शेतातील मोकळ्या जमिनीसाठी आहे. तिथे मुळांना पसरायला वाव असतो, शिवाय मका ओळींनी असल्यामुळे त्याचे परागीभवन वाऱ्याने नीट होते. माझ्या बॅगेतील एकुलत्या एका मक्याला जे कणीस आले, त्यात मोजून अकरा दाणे होते, आणि काकडीने आधारासाठी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ ग्रिल पकडली.

पुस्तिकेतील काही विधाने चुकीची म्हणता येणार नाहीत, पण ती भलत्या जागी लागू केलेली आहेत. झेंडूच्या मुळांतील द्रव्यामुळे सूत्रकृमी, म्हणजे मुळांना इजा करणारे मातीतील सूक्ष्म कृमी, कमी होतात हे खरे. परंतु तो गुण ज्या जमिनीत सूत्रकृमी आधीच आहेत आणि झेंडू दाट व दीर्घकाळ लावला आहे, तिथे दिसतो. नव्या कोकोपीटच्या बॅगेत सूत्रकृमी येणार कुठून? तीच गोष्ट चवळीची. तिच्या मुळांवरील गाठींत नत्र साठते, मात्र ते मुख्यतः चवळी उपटून मुळे कुजल्यावर पुढच्या पिकाच्या वाट्याला येते. शेजारच्या काकडीला ती रोज जेवू घालते, हा पुस्तिकेचा आव फुकाचा आहे.

तरीही झेंडू, चवळी आणि शेपू मी काढून टाकले नाहीत, त्याचे कारण वेगळे आहे. काकडीला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात व परागकण पोहोचवायला मधमाशी लागते. पहिल्या आठ-दहा दिवसांत केवळ नर फुले येऊन गळून गेली, तेव्हा घाबरून मी विक्रेत्याला फोन केला. हे स्वाभाविक आहे, असे एका वाक्यात सांगता आले असते. त्याऐवजी मला दोनशे रुपयांचे टॉनिक सुचवण्यात आले. मी ते घेतले नाही. पुढे मादी फुले आली. देठाशी बोटाच्या पेरापेक्षाही लहान, काटेरी लव असलेली काकडी घेऊनच ती उमलतात, त्यामुळे ओळखायला सोपी. सुरुवातीचे चार दिवस सकाळी सातच्या आत नर फुलाच्या पाकळ्या सोलून त्याचा केसर मादी फुलाच्या मध्यभागी मीच हलकेच फिरवला. झेंडू फुलल्यावर फुलोरी जातीच्या लहान मधमाश्या नियमित येऊ लागल्या आणि माझी ती नोकरी सुटली.

चवळीवर काळा मावा ही रस शोषणारी बारीक कीड आली, त्यामागोमाग ती खाणारे ढालकिडे आले आणि ते काकडीच्या पानांखालच्या माव्याकडेही वळले. शेपूचा उपयोग त्याला फुलोरा आला तरच, कारण त्या बारीक फुलांवर मित्रकीटक येतात. आमच्याकडे तो योग दुसऱ्या लागवडीत आला. पहिल्या वेळी सासूबाईंनी ‘कोवळा आहे तोवरच खावा’ म्हणून सगळा शेपू मूगडाळ घालून भाजीत संपवला, आणि भाजी उत्तम झाल्यामुळे मला काही बोलता आले नाही.

खरा राग सापळ्याचा आहे. त्यातील गोळीवर मिथाईल युजेनॉल असे छापलेले होते. ते आंब्यावरील फळमाशीच्या नरांना आकर्षित करते. काकडी, दोडका, कारली यांवरील फळमाशीसाठी क्यू-ल्यूर हे वेगळे आमिष लागते. हे मला उशिरा कळले. तोवर तीन कोवळ्या काकड्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडून त्यांतून डिंकासारखा थेंब आला होता. त्या एका बाजूला वाकल्या आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या निघाल्या. काकडीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात आंब्याचा सापळा घालणे ही नजरचूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. नंतर मी क्यू-ल्यूर वेगळे आणले आणि फळ धरताच त्यावर कागदी पिशवी चढवली, तेव्हा नुकसान थांबले.

पहिल्या लागवडीत दोन वेलांवर मिळून चौदा काकड्या आल्या. एप्रिलमध्ये आम्ही दोन दिवस गावी गेल्यावर पाण्याची ओढ बसून शेवटच्या दोन कडू झाल्या, त्याचा दोष संचाला नाही. जूनमध्ये मात्र दाटीचा खरा तोटा कळला. मुंबईच्या पावसात पाने दिवसचे दिवस वाळत नाहीत. त्यात बॅगेत झेंडू आणि चवळीची गर्दी, त्यामुळे खालून वारा खेळेना. पानांवर शिरांच्या चौकटीत बसलेले पिवळे कोनदार ठिपके आणि खाली करडी बुरशी, असा केवडा नावाचा रोग तीन आठवड्यांत पसरला. रोगट पाने काढून मी झेंडू व चवळी प्रत्येकी आठ इंची कुंडीत हलवली आणि काकडीपासून हातभर अंतरावर ठेवली. मधमाश्यांना व ढालकिड्यांना या अंतराने काही फरक पडला नाही. काकडीच्या नव्या पानांना पडला.

त्यामुळे गॅलरीसाठी हा संच घ्यावा, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे गच्चीवर मोठा वाफा किंवा इमारतीच्या आवारात मोकळी जमीन आहे, त्यांनी सापळा बदलून तो जरूर वापरावा. इतरांनी काकडीचे बी, झेंडूची दोन रोपे, घरच्या डब्यातील मूठभर चवळी आणि क्यू-ल्यूरचा सापळा असे सुटे साहित्य घेतले, तर निम्म्याहून कमी खर्चात भागते. माझ्याकडे उरलेले मक्याचे बी मी सोसायटीच्या माळीकाकांना दिले. त्यांनी ते कुंपणालगत चार ओळींत पेरले असून तिथे मका आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे.