रंधा मारला की सुतारकामाचा बेंच डुलतो: पाय लाकडाचे, लोखंडी अँगलचे की विटांचे?

वरचा सागवानी पाट धड असेल तं जुना बेंच मोडीत काढू नका भाऊ, दुखणं बहुतेक खालीच असते. आधी हे पाहा, एका कोपऱ्यावर दाबलं की डुगडुगतो का? तं तो दोष सारवलेल्या जमिनीचा, पायाखाली फरशीचा तुकडा सरकवा, मोकळे व्हा. पण रंधा मारताना लांबीत झुलत असेल तर सांधे गेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, असं वर्षानुवर्षं झालं की कुसू, म्हणजे सांध्यात बसवलेलं लाकडाचं टोक, भोकात खुळखुळते, अन् त्यात खिळे ठोकले तं लाकूड फाटते फक्त.

माझं मत लाकडाकडेच. जुन्या घराची सागाची मयाल (छताची जाड तुळई) मिळाली तं आरा मशीनवरून ४ बाय २ इंची दोन आडपट्ट्या काढा, वाळलेली असते ती. जमिनीपासून वीतभर वर, ४ इंची बाजू उभी ठेवून, दोन्हीकडच्या पायांना १२ एमएमच्या बोल्टनं आवळा. तिथं फेव्हिकॉल नको. उन्हाळ्यात ढिलं झालं की पाना घेऊन पुन्हा आवळता येते अन् बेंच सुटाही होतो. खालच्या फळीवर दगड ठेवा, वजन पाहिजेच.

अँगलचं म्हणाल तर उधई (वाळवी) लागत नाही, ही मोठी गोष्ट. ४०-४०-५ एमएमचा अँगल मीटरला साधारण ३ किलो, पाच फुटी बेंचला ३०-३५ किलो धरा. पण पटाशी ठोकताना झणझणते, अन् वेल्डिंगमध्ये फ्रेम पिरगळते, माझ्या पहिल्या फ्रेमचा एक पाय अधांतरी होता. पाट कसायची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाट फुगला की वाकतो किंवा चिरतो.

विटांचा ओटा? हलणार नाही, पण हलवताही येणार नाही, क्लॅम्प लावायला जागा नाही, गुडघे आपटतात, अन् उधई आतून चढली तं दिसतही नाही. मी तं नाही बांधणार.

पायाचं टोकच उधईनं खाल्लं असेल तर तेवढं कापा, जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं) पाजा, खाली दगड द्या. दगड किती जाड? उभं राहून हात सोडला की पाट मनगटाशी यावा, एवढा.